सरांची लॉगबुकं उघडताना

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

सरांच्या वर्षश्राद्धाला स्मरणिका काढायची आणि ती तू जुळवायची असं ठरल्याचं कळलं. निवड योग्य आहे. उड्डाण शिकणाऱ्याला शिक्षकाच्या ज्या सवयी दिसतात त्या त्याच्या मित्रांना दिसत नाहीत. पण वैमानिक गेला की आठवणी लगेच आभाळात जाऊन बसतात: गरुडझेप, आकाशाला गवसणी, अनंताचा प्रवासी. आलेल्या लेखांतून हे शब्द खोडायला बसलीस तर निम्मी पानं कोरी होतील. म्हणून लेख मागवण्याची घाई करू नकोस. आधी लॉगबुकं बघ, म्हणजे सर प्रत्येक उड्डाण नोंदायचे त्या वह्या.

काकूंना विचार, वह्या किती आहेत. हवाई दलाची वेगळी असेल, नागरी उड्डाणांच्या वेगळ्या. मूळ वही घराबाहेर नेऊ नकोस. खिडकीजवळच्या टेबलावर, फ्लॅश बंद ठेवून, डावं-उजवं पान एकाच फोटोत घे. तारीख आणि विमान एका पानावर, तर रात्रीचे आणि इन्स्ट्रुमेंटचे (केवळ उपकरणं बघून उडवलेले) तास समोरच्या पानावर, अशी आखणी पुष्कळ वह्यांत असते. पानांचे सुटे फोटो काढले की ओळीला ओळ जुळत नाही. बांधणी उसवली असेल तर वही सपाट दाबू नकोस, दोन्ही पुठ्ठ्यांखाली पुस्तकं ठेवून अर्धवट उघडीच राहू दे. मध्ये थर्मल कागदाच्या चिठ्ठ्या सापडल्या तर त्यांचे फोटो सगळ्यात आधी, कारण त्यावरची अक्षरं उडत चाललेली असतात. फाइलला वर्ष, महिना, पान या क्रमाने नाव दे. ‘सर फोटो नवीन २’ असल्या नावांच्या शंभर फाइली झाल्या की काम तिथेच अडतं.

वाचताना पहिली चूक वेळेची होते. एअरलाइनच्या नोंदी बहुधा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात आणि आपली वेळ साडेपाच तास पुढे. मुंबईहून १५ तारखेला पहाटे चारला निघालेलं विमान वहीत १४ तारखेला २२.३० ला निघालेलं दिसेल. त्यामुळे १५ तारखेची आठवण सांगणारा मित्र आणि १४ तारीख दाखवणारी वही, दोघंही खरे असू शकतात. मित्राला खोटं पाडण्याआधी एवढं बघ.

दुसरी चूक एकूण तासांची. हा आकडा सगळ्यांना हवा असतो, कारण तो मोठा दिसतो. पण त्यात सहवैमानिक म्हणून केलेले तास असतात, विद्यार्थी म्हणून ड्युअलचे, म्हणजे शिक्षकाबरोबर उडवलेले असतात, पी-वन म्हणजे विमानाचा प्रमुख म्हणून केलेले असतात. इन्स्ट्रक्टर शेजारी बसला असेल तर तेच उड्डाण त्याच्या वहीत पी-वन आणि तुझ्या वहीत ड्युअल पडतं, हे तुला माहीत आहेच. हवाई दलाचे तास आणि नागरी तास मोजायची रीतही एकसारखी नाही. नागरी हिशोबात विमान उड्डाणासाठी जागचं हललं तिथपासून परत थांबेपर्यंतचा वेळ धरतात, त्यामुळे टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना गेलेली मिनिटंही त्यात येतात. तेव्हा सगळं मिळून एक भव्य आकडा छापू नकोस. एकूण तास, त्यातले पी-वन आणि शिकवण्याचे, असे तीन आकडे दे. ‘अमुक हजार तासांचे कॅप्टन’ असं छापलंस तर जाणकार वाचक पहिल्याच पानावर भुवया उंचावेल.

शेऱ्याचा रकाना मात्र ओळ न ओळ वाच. तिथे एखादा शब्दच असतो: वळवलेलं विमान, परत फिरून उतरणं, नाइट रेटिंगची (रात्री उडवण्याच्या पात्रतेची) चाचणी. स्मरणिकेतले निम्मे विषय इथेच मिळतील.

आणि एक वही तुझ्या डोक्यात आली नसेल: विद्यार्थ्यांची. सरांनी शिकवलेल्या प्रत्येकाच्या लॉगबुकात पहिल्या सोलोची, म्हणजे एकट्याने केलेल्या पहिल्या उड्डाणाची नोंद आहे आणि आसपास सरांची सही. सर्वांकडून त्या एका पानाचा फोटो मागव. माणूस तोच, सही तीच, विमानं आणि वर्षं वेगळी. ही पानं ओळीने लावलीस तर त्यांच्यावर लेख लिहायची गरज उरणार नाही. (परवाना क्रमांक, पत्ता, जन्मतारीख छापण्याआधी झाक.)

आता माणसांकडे. ‘सर कसे होते?’ हा प्रश्न विचारू नकोस. त्याचं उत्तर ‘फार मोठा माणूस’ असंच येतं. असं विचार: चेकलिस्ट वाचताना त्यांचं बोट ओळीवर असायचं की नजर नुसती फिरायची? फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेत उतरताना, किती उंचीपर्यंत ते गप्प बसायचे? ‘गो-अराउंड’ (उतरणं सोडून परत वर चल) कोणत्या आवाजात म्हणायचे? टॉवरशी मराठी हेलात इंग्रजी बोलायचे का? हात आणि आवाज आठवला की माणूस आठवतो. ध्वनिमुद्रण करताना पंखा बंद, फोन तोंडापासून वीतभर, आणि विमान मोडवर (हसू नकोस, मध्येच वाजलेला फोन चांगली आठवण तोडतो). पाऊण तासापुढे कोणी ताजं राहत नाही.

मित्र, सहकारी, शिष्य हे आपणहून बोलतील. हँगरमधला मेकॅनिक, इंधन भरणारा, टॉवरमधला माणूस यांना कुणी बोलवत नाही, आणि वैमानिक खरा कसा होता हे त्यांनाच ठाऊक असतं. सकाळची इंधनतपासणीच घे. नव्या सेस्ना १७२ ला, म्हणजे शिकवायच्या त्या छोट्या विमानाला, पंखांखाली पाच-पाच आणि पोटाखाली तीन, अशा तेरा ठिकाणांहून थोडं थोडं इंधन काढून कपात बघायचं असतं. १०० एलएल, म्हणजे या विमानाचं पेट्रोल, निळसर दिसतं. पाणी जड, ते तळाशी वेगळं थांबतं. पावसाळ्यात टाकी रात्रभर अर्धवट रिकामी राहिली की आत दमट हवा असते आणि ओल धरते, आणि तेच पाणी उड्डाण घेताना इंजिनाकडे गेलं तर इंजिन गचके खातं. तेराव्या ठिकाणी वाकायचा कंटाळा करणारे कोण आणि न करणारे कोण, ते शेजारी उभा असलेला मेकॅनिक रोज बघत असतो. त्याला विचार. लिहिता येत नसेल तर तू लिहून घे आणि त्याच्याच नावाने छाप.

आता अवघड भाग. सर अपघातात गेले आणि चौकशी अजून चालू आहे. स्मरणिकेत शेवटच्या मिनिटांबद्दल एकही वाक्य नको. ‘शाळा वाचवण्यासाठी त्यांनी विमान वळवलं’ असं कुणीतरी लिहून देईलच, प्रेमापोटी देईल.

कोळिकोड आठव. ७ ऑगस्ट २०२० ला दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं बोइंग ७३७-८०० पावसात धावपट्टीच्या टोकावरून खाली गेलं. विमानात १९० माणसं होती, २१ गेली. कॅप्टन दीपक साठे आणि त्यांचे सहवैमानिक त्यांतलेच. तपासाचं पहिलं पान लिहिलं जाण्याआधीच मोबाइलवर मजकूर फिरू लागला: चाकं उघडत नव्हती, साठ्यांनी तीन घिरट्या घालून इंधन संपवलं, म्हणून आग लागली नाही. कुणी तर इंधन हवेत सोडून दिल्याचंही लिहिलं. ७३७ ला हवेत इंधन सोडायची सोयच नसते. चाकं व्यवस्थित होती. धावपट्टी २८ कडचा पहिला प्रयत्न सोडून विमान १० वर, म्हणजे त्याच पट्टीवर उलट दिशेने आलं आणि ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर सुमारे ४,४३८ फूट पुढे टेकलं. २०२१ मध्ये आलेल्या अहवालाने विमान चालवणाऱ्या वैमानिकाकडून ठरलेली कार्यपद्धती पाळली न गेल्याचं संभाव्य कारण दिलं, आणि व्यवस्थेतल्या उणिवांकडे दुर्लक्ष करता येणार नाही असंही नोंदवलं.

यात काय झालं बघ. ज्यांनी घिरट्यांची गोष्ट सांगितली त्यांनी साठ्यांचा मोठेपणा एका खोट्या खुंटीला टांगला, आणि अहवाल आल्यावर खुंटी निघाली. एनडीएतलं प्रशिक्षण, हवाई दल अकादमीतलं स्वॉर्ड ऑफ ऑनर, एचएएल या सरकारी विमान कारखान्यातली चाचणी-वैमानिकी, २००३ पर्यंतची हवाई दलातली नोकरी, हे ज्यांनी सांगितलं त्यांचं अक्षरही बदलावं लागलं नाही. सरांच्या अहवालात उद्या काहीही येवो, तुझ्या स्मरणिकेतलं वाक्य तेव्हाही वाचता आलं पाहिजे.

आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे अपघाताच्या चौकशीचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा असतो, दोष ठरवणं हा नाही. प्राथमिक अहवाल तीस दिवसांत अपेक्षित असतो, पण त्यात बहुधा कारण नसतं, फक्त घडलेला क्रम असतो. तो वाचून कुणी ‘कारण कळलं’ म्हणालं तर ऐकून घे आणि छापू नकोस. अपघातस्थळाचे फोटो, कॉकपिटमधलं संभाषण म्हणून फिरणारे ध्वनी, काहीही नको. ‘शहीद’ हा शब्दही नको. प्रशिक्षणाच्या विमानात गेलेल्या निवृत्त अधिकाऱ्याला ‘निधन’ पुरे, आणि हवाई दलातला हुद्दा लिहिताना ‘निवृत्त’ विसरू नकोस.

विमानांच्या मानवंदनेचं खूळ कुणीतरी काढेल. २७ मे २०१९ ला पंजाबातल्या भिसियाना तळावर तेव्हाचे हवाई दलप्रमुख धनोआ यांनी स्वतः मिग-२१ उडवून स्क्वाड्रन लीडर अजय आहुजांना ‘मिसिंग मॅन’ रचनेची मानवंदना दिली. कारगिलमध्ये आहुजा गेले त्याला त्या दिवशी वीस वर्षं झाली होती. त्या रचनेत एका विमानाची जागा मोकळी सोडतात किंवा एक विमान रांगेतून वर निघून जातं. पण ती माणसं फॉर्मेशन रोज उडवतात. क्लबमध्ये ज्यांनी ते शिकलेलं नाही त्यांनी दोन सेस्ना एकमेकांजवळ आणू नयेत, आणि हँगरवरून कमी उंचीची फेरी तर नकोच. अस्थी किंवा फुलं वरून टाकायचा विचार असेल तर परवानगीशिवाय विमानातून काही टाकता येत नाही. शिवाय उघड्या खिडकीतून सोडलेली राख वाऱ्याच्या झोताने परत आत येते, डोळ्यांत जाते. जमिनीवर विमानांची रांग लावा आणि सर बांधायचे त्या विमानाची जागा रिकामी ठेवा. दोर आणि खुंट्या तशाच राहू द्या. तेवढं दिसतं.

सभेबद्दल फार नाही. प्रत्येकी चार मिनिटं, आणि हँगरचं पत्र्याचं छप्पर लक्षात ठेव: पाऊस आला तर माइक असूनही काही ऐकू येत नाही. काकूंना बोलायला लावू नका, त्या आपणहून उठल्या तर गोष्ट वेगळी.

वह्यांचं काम संपलं की फोटोंची एक प्रत पेनड्राइव्हवर काकूंना दे. शेवटचं पान बहुधा अर्धंच भरलेलं असेल आणि खालची बेरीज झालेली नसेल. ती वहीत करू नकोस, पेन्सिलनेही नाही. वेगळ्या कागदावर कर आणि तो कागद आत घालून ठेव.

तुझे,
सरांचे दोन जुने सहकारी