ठाण्यात ३० हजार भाडं भरत राहावं की १ कोटी २० लाखांचं घर घ्यावं?

प्रश्न: आम्ही दोघं मिळून महिन्याला दीड लाख घरी आणतो. ठाण्यात चार वर्षं ३० हजार भाड्याने टू बीएचकेमध्ये राहतोय. त्याच इमारतीत अगदी असाच फ्लॅट १ कोटी २० लाखांना विकायला निघालाय. हाताशी ४२ लाख आहेत. घरचे म्हणतात, भाडं म्हणजे पाण्यात गेलेला पैसा. घ्यावा का?

उत्तर: मी तुमच्या जागी असतो तर हा फ्लॅट या किमतीला आत्ता घेतला नसता. तरी मी काही भाड्याच्या घराची बाजू घेणारा माणूस नाही. नऊ वर्षांत पाच घरं बदलून डिसेंबर २०२० मध्ये डोंबिवलीला जुनं, सेकंड हँड घर घेतलं आणि त्याचा पश्चात्ताप आजवर झालेला नाही. हिशेब मात्र तेव्हाही जुळत नव्हता, आणि तुमचा तर माझ्याहून वाईट आहे.

कागद घेऊन बसा. कर्ज ७५ लाखांच्या वर गेलं की बँक घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त देऊ शकत नाही, रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. म्हणजे ९० लाख कर्ज, ३० लाख तुमचे. ठाण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, ते झालं ८ लाख ४० हजार. नोंदणीचे ३० हजार. ब्रोकरने एकच टक्का घेतला तरी १ लाख २० हजार. बेरीज ३९ लाख ९० हजार. करार फक्त बायकोच्या नावावर केलात तर मुद्रांक शुल्कात एक टक्का वाचेल, पण मोठं चित्र बदलत नाही. तुमचे ४२ लाख संपले. अजून पंखे लावायचेत.

आता महिन्याचं बघा. व्याज ८ टक्के आणि मुदत २० वर्षं धरली तर हप्ता ७५ हजारांच्या थोडा वर बसतो. त्यातले पहिल्या महिन्यात ६० हजार निव्वळ व्याज. भाडं पाण्यात जात असेल तर हे व्याज काय तुळशीला जातं? सोसायटीचा मेंटेनन्स ५ हजार धरा. घातलेले ४० लाख एफडीत साडेसहा टक्क्यांनी असते तर महिन्याला २१-२२ हजार आले असते, तेही गेले. व्याज, मेंटेनन्स आणि हे मिळून ८६-८७ हजार, आणि आज तुम्ही त्याच भिंतींत ३० हजारांत राहताय. वरचे ५६-५७ हजार भरून यायला घराची किंमत दर वर्षी साधारण पावणेसहा टक्क्यांनी वाढायला हवी. वाढेलही. पण ती वाढली तर तुम्ही फायद्यात नाही, बरोबरीत आहात. पुढे भाडं वाढत जातं, कर्जातलं व्याज घटत जातं, त्यामुळे दरी हळूहळू कमी होते हे खरं. पहिली पाच-सात वर्षं मात्र ती तुमच्या खिशातूनच भरायची.

म्हणून मी हिशेब उलटा मांडतो. हे ५६ हजार देऊन तुम्ही नेमकं काय विकत घेताय?

मी काय विकत घेतलं ते सांगतो. आमच्या तिसऱ्या भाड्याच्या घरात मालकांची अट होती, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. आधीच्या भाडेकरूने सोडलेले दोन खिळे होते. एकावर कॅलेंडर आणि दुसऱ्यावर बायकोच्या आजीचा फोटो. घड्याळ फ्रिजवर टेकवून ठेवलेलं, दार जोरात लावलं की पालथं पडायचं. घर सोडताना मालकांनी बॅटरी घेऊन भिंती तपासल्या. ते दोन खिळे आमचे नाहीत हे पटवण्यात अर्धा तास गेला आणि तरी डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापलेच. चौथं घर अकरा महिन्यांचा करार संपायच्या आत सोडावं लागलं, कारण मालकांच्या मुलाचं लग्न ठरलं. मुलीची शाळा पहिलीपासून त्या भागात होती. मग त्याच शाळेच्या बसच्या रूटवर पंधरा दिवसांत घर शोधा, परत एका महिन्याचं भाडं ब्रोकरला द्या, गॅसचा पत्ता बदला, आधारचा बदला, बँकेचा बदला. हे सगळं नको, याची किंमत मी लावली होती महिना १५-१८ हजार. तेवढं जास्तीचं भरायची माझी तयारी होती. तुमच्या बाबतीत ती किंमत ५६ हजार आहे. द्यावीशी वाटत असेल तर जरूर द्या, कुणी तुम्हाला वेडं म्हणणार नाही. पण ती कशाची आहे ते कळून द्या.

दुसरी गोष्ट त्या संपलेल्या ४२ लाखांची, आणि ही माझ्या अंगावर आलेली आहे. मी घर घेतलं तेव्हा सरकारने मुद्रांक शुल्कात ३ टक्के सूट दिली होती, डिसेंबरअखेरपर्यंतच. दुय्यम निबंधकाच्या ऑफिसबाहेर मास्क लावलेल्या माणसांची जिना भरून रांग. व्याज सात टक्क्यांच्या आसपास होतं. मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं. मग मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो, ४ वरून साडेसहा टक्क्यांवर नेला. माझ्या खात्यातून हप्ता तेवढाच कापला जात होता म्हणून मी निवांत. एकदा सहज स्टेटमेंट काढलं, तर हप्ता न वाढवता बँकेने मुदत वाढवलेली. अठ्ठावन्नाव्या वर्षी फिटणारं कर्ज माझ्या साठीच्या पार पलीकडे गेलं होतं. दर महिन्याच्या हप्त्यातून मुद्दलात जेमतेम चहापाण्याइतके पैसे जात होते. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं, हप्ता वाढवायचा की मुदत हे कर्जदाराला निवडू द्या. तेव्हा मी हप्ता वाढवून घेतला आणि बाजूला ठेवलेले साडेचार लाख एकदम मुद्दलात भरले. फ्लोटिंग, म्हणजे व्याजदर बदलत राहणारं, कर्ज मुदतीआधी फेडायला दंड नसतो, हा नियम फार कामाचा. पण ते साडेचार लाख होते म्हणून जमलं. तुमच्याकडे काय उरणार? दोन. आणि दोघांपैकी एकाचा पगार सहा महिने थांबला तर ८० हजार कुठून आणाल?

माझं मत विचाराल तर ९० लाखांच्या आतलं घर बघा, मग ते वन बीएचके असो किंवा दोन स्टेशनं पुढे असो. ६० लाख कर्ज, हप्ता ५० हजारांच्या आसपास, म्हणजे कमाईचा एक तृतीयांश. खर्च वगळून चार-साडेचार लाख हातात राहतात. दोन स्टेशनं पुढे म्हणजे रोजचे जास्तीचे वीस मिनिटं आणि सकाळच्या फास्ट लोकलमध्ये चौथी सीट, म्हणजे तिघांच्या बाकावर कडेला टेकणं. तो त्रास खोटा नाही, मी रोज काढतो. वर्षभर थांबून आणखी साठवणं हाही पर्याय आहेच. फक्त थांबलात तर दर महिन्याला हप्ता आणि भाड्यातला फरक खरंच बाजूला टाका, नाहीतर भाड्याच्या घरात राहून हिशेब जिंकल्याचं समाधान तेवढं उरतं.

तुमच्या बाजूची एक गोष्ट मात्र जबरदस्त आहे. तुम्ही चार वर्षं त्याच इमारतीत आहात. पाणी किती वाजता येतं, जुलैत कुठल्या भिंतीला ओल येते, सेक्रेटरी कसा आहे, लिफ्ट महिन्यातून किती दिवस बंद असते, हे तुम्हाला ठाऊक आहे. बाहेरचा ग्राहक रविवारी दुपारी येऊन ताजा रंग बघून जातो. त्या अर्थाने तुमचं भाडं पाण्यात गेलेलं नाही. मालक १ कोटी ५ लाखांवर आले तर माझं उत्तर थोडं मऊ होईल.

तसं झालं तर कागद बघा. ओसी (इमारत राहण्यायोग्य असल्याचा पालिकेचा दाखला) आहे का, जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का (कन्व्हेयन्स), शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला) विकणाऱ्याच्याच नावावर आहे का, त्याच्या आधीच्या सगळ्या खरेदीखतांची साखळी पूर्ण आहे का. दहा-पंधरा हजार देऊन स्वतःचा वकील लावा, ब्रोकरचा नको. नवीन इमारतीकडे वळलात तर महारेराचा, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नंबर बघून थांबू नका. आमच्या कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी पालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराचे नंबर मिळवले, लोकांनी कर्जं काढून घरं घेतली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. तेव्हा बांधकाम परवानगी पालिकेतच जाऊन पडताळा. आणि करार नोंदवायच्या आधी बिल्डर १० टक्क्यांहून जास्त मागत असेल तर तिथूनच परत फिरा, कायद्याने त्याला ते घेता येत नाही.

अजून एक, विसरण्याआधी. त्या १ कोटी २० लाखांत पार्किंग धरलंय का, आणि ते सोसायटीच्या कागदावर आहे की नुसतं तोंडी, हे मालकांना भाव करायच्या आधी विचारा.