डोळ्यांचा रंग बदलायचं ऑपरेशन करण्याआधी काय माहीत असावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की लग्नाआधी डोळे कायमचे घारे करून घ्यायचेत आणि दुबईतला मावसभाऊ सगळी सोय करतो म्हणतो. मी यवतमाळ जिल्ह्यात खेड्यापाड्यांत डोळे तपासायचं काम करते. माझं म्हणणं आधीच सांगते: निरोगी डोळ्याला हे करू नका.

यात तीन प्रकार आहेत. एकात डोळ्याच्या आत रंगीत सिलिकॉनची चकती बसवतात. ती आत घासत राहते. त्यातून सूज, मोतीबिंदू आणि काचबिंदू होऊ शकतो. शिवाय कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्यावरच्या पारदर्शक पडद्याच्या, आतल्या पेशी मरतात. या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. फार कमी झाल्या की पडदा पांढुरका होतो, मग दुसऱ्याचा कॉर्निया बसवायची वेळ येते. दुसऱ्या प्रकारात लेझरने तपकिरी रंगद्रव्य फोडतात. त्याचे कण डोळ्याच्या आतलं पाणी वाहून जायच्या जाळीत अडकले की डोळ्याच्या आतला दाब वाढतो.

तिसरा प्रकार सध्या मोबाईलवर फार दिसतो. कॉर्नियात लेझरने बोगदा करून त्यात रंग भरतात. कॉर्निया मध्यभागी जेमतेम अर्धा मिलीमीटर जाड असतो. उजेड सहन न होणं, जंतुसंसर्ग, रंग पसरणं, कडेची नजर कमी होणं हे त्याचे धोके. माझ्या कामामुळे मला आणखी एक गोष्ट टोचते. आम्ही डोळ्याच्या आत बघतो ते कॉर्नियाच्या याच काचेतून. ती रंगवली, तर उद्या मोतीबिंदू झाला किंवा शुगरमुळे डोळ्याच्या मागचा पडदा (रेटिना) खराब झाला, तेव्हा डॉक्टरला आतलं नीट दिसायला अडचण येते.

अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांच्या अकादमीने जानेवारी २०२४ मध्ये निव्वळ दिसण्यासाठी असं ऑपरेशन करू नका, असा इशारा दिला होता.

ज्यांना याची खरी गरज असते ते वेगळे. वावरात पऱ्हाटी उपटताना एका काकांच्या डोळ्यात काडी गेली, बुरशी धरली, जखम भरली पण बुबुळावर पांढरं फूल राहिलं. नजर गेलीच होती. माझ्यासमोर बसले की ते टोपी त्या बाजूला ओढून घ्यायचे. अशा डोळ्यावरचा डाग रंगाने झाकणं हा जुना उपचार आहे, आणि तिथे गमवायला काही उरलेलं नसतं. तुमचं तसं नाही.

आणि दुबईहून परत आल्यावर रात्री अकरा वाजता डोळा लाल होऊन ठणकायला लागला, तर जाणार कुठे? तालुक्याला यातलं कोणी भेटणार नाही.

लग्नापुरती हौस असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरकडून मापाच्या रंगीत लेन्स घ्या. झोपताना काढायच्या, विहिरीचं किंवा नळाचं पाणी लावायचं नाही, मैत्रिणीला घालायला द्यायच्या नाहीत. हळदीच्या दिवशी तर अजिबात घालू नका, हळदीचे कण लेन्सखाली गेले तर डोळा सोलवटतो.