ग्लुकोज पेशीत जातं ते ॲक्टिव्ह की पॅसिव्ह? आणि इन्सुलिन नसेल तर जातच नाही का?

तुम्ही लिहिलंय की पुस्तकात फॅसिलिटेटेड डिफ्यूजन (वाहकातून, पण ऊर्जा न खर्चता, म्हणजे पॅसिव्हच) दिलंय, क्लासच्या नोट्समध्ये ॲक्टिव्ह ट्रान्सपोर्ट (ऊर्जा खर्चून), आणि व्हिडिओतले सर सांगतात की इन्सुलिन ही चावी आहे, ती नसेल तर दार उघडतच नाही. तर यातलं खरं कोणाचं.

पुस्तकाचं आणि नोट्सचं, दोघांचंही. पेशी कुठली त्यावर आहे. चावीवाल्या सरांचं मात्र अर्धंच, आणि ते अर्धं फार नडतं, कारण याच चावीवरून माझं एकदा चांगलंच वाजलंय.

मी फिजिऑलॉजी शिकवते. एका वर्षी प्रॅक्टिकलच्या व्हायवाला एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, आले होते, वयाने ज्येष्ठ, मार्कशीटवर पेन्सिल आपटत प्रश्न विचारायची सवय. माझ्या वर्गातली एक मुलगी समोर बसली, एरवी तोंडातून शब्द न काढणारी. त्यांनी विचारलं, ग्लुकोज पेशीत कसं जातं. ती म्हणाली, "सर, कुठल्या पेशीत?" झालं. त्यांना वाटलं पोरगी वेळ काढतेय. "कुठल्याही पेशीत, सांग." मग ती म्हणाली की आतड्याच्या पेशीत वरच्या बाजूने सोडियमसोबत जातं आणि खालच्या बाजूने ग्लुट या वाहक प्रोटीनमधून रक्तात उतरतं, म्हणजे एकाच पेशीत दोन्ही प्रकार आहेत. इतकं नेमकं उत्तर मी त्या दिवशी दुसऱ्या कुणाकडून ऐकलं नाही. यांनी पुढचा प्रश्न टाकला, इन्सुलिन नसेल तर जाईल का? ती म्हणाली, लाल पेशीत जाईल सर. "चूक," आणि पेन्सिलीने दहापैकी तीन.

मी मध्ये पडले. मुलगी बाहेर गेल्यावर विचारलं, सर, एचबीएवनसी, म्हणजे साखर चिकटलेलं हिमोग्लोबिन, कशाने वाढतं? म्हणाले, शुगर वाढली की. म्हटलं, हिमोग्लोबिन असतं कुठे? आरबीसीत, म्हणजे लाल पेशीत. मग ज्या पेशंटचं इन्सुलिन संपलंय त्याच्या आरबीसीत ती शुगर शिरली कुठून? चावी तर नव्हती ना. यावर मला मिळालेलं उत्तर असं, की मॅडम, आपण सिलॅबसमध्ये राहू या. मार्क तेवढेच राहिले.

आता मूळ मुद्दा. ग्लुकोज पेशीपटलाच्या चरबीच्या दुहेरी थरातून आपलं आपण जात नाही हे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडते. लाल पेशीत ते ग्लुट-१ या प्रोटीनमधून जातं. हे प्रोटीन म्हणजे आरपार भोक नव्हे, आणि बहुतेक नोट्समध्ये नेमकं तसंच चित्र काढलेलं असतं. पटलातून बारा वेळा आरपार गेलेली साखळी आहे ती, मध्ये ग्लुकोज बसायची जागा. एका वेळी ती जागा बाहेरच्या बाजूने उघडी असते नाहीतर आतल्या. ग्लुकोज बसलं की प्रोटीन आपला आकार बदलतं, बाहेरची बाजू मिटते, आतली उघडते, ग्लुकोज सुटतं, रिकामं प्रोटीन परत उलट वळतं. ग्लुट-१ ची रचना २०१४ साली निंग यान यांच्या गटाने क्रिस्टल काढून दाखवली, पण असा वाहक असणार हे विडास यांनी १९५२ सालीच मांडलं होतं, कारण नुसतं भोक असतं तर साखर वाढवत नेली तसा वेगही वाढतच गेला असता. तसं होत नाही, एका टप्प्यानंतर वेग वाढायचा थांबतो, सगळे वाहक गुंतलेले असतात. शिवाय डी-ग्लुकोज झपाट्याने आत जातं आणि त्याचंच आरशातलं रूप असलेलं एल-ग्लुकोज जवळपास जातच नाही. वजन तेवढंच, अणू तेवढेच, तरी. भोकाला कसला आलाय डावा-उजवा.

या सगळ्यात एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, लागत नाही, जिकडे ग्लुकोज कमी तिकडे ते जातं, आणि दिशा उलटली तर त्याच वाटेने बाहेरही येतं. इथे मुलं एक गोंधळ हमखास घालतात. आत आल्यावर हेक्सोकायनेज हे एन्झाइम त्याला फॉस्फेट चिकटवतं, त्याला एक एटीपी जातो, मग मुलं लिहितात की बघा ऊर्जा लागली म्हणजे ॲक्टिव्ह. अहो, तो खर्च आत आल्यानंतरचा. फॉस्फेट लागलेलं ग्लुकोज ग्लुटमधून परत बाहेर पडू शकत नाही म्हणून ते अडकतं, आणि आत मोकळं ग्लुकोज कमी राहिल्यामुळे बाहेरचं येत राहतं. पेट स्कॅन चालतो तो याच अडकण्यावर, तिथे ग्लुकोजला फ्लोरीन लावून देतात, ते आत जातं, फॉस्फेट घेतं आणि पुढे मोडत नाही, तिथेच चमकत बसतं.

ॲक्टिव्ह कुठे, तर आतड्यात आणि किडनीत. जेवणानंतर काही वेळाने आतड्यातली साखर कमी होत जाते, तरी शेवटचा कणही ओढून घ्यायचा असतो, म्हणजे चढावर, कमीकडून जास्तीकडे. तिथे एसजीएलटी-१ हे वाहक प्रोटीन दोन सोडियम आणि एक ग्लुकोज बरोबर आत घेतं. सोडियम उतारावरून येतं, त्याच्या जोरावर ग्लुकोज चढतं. तो उतार टिकवायला पेशीच्या दुसऱ्या बाजूचा पंप एटीपी जाळून सोडियम बाहेर फेकत असतो, तीन बाहेर, दोन पोटॅशियम आत. म्हणून सेकंडरी ॲक्टिव्ह. रॉबर्ट क्रेन यांनी हे १९६० साली प्राग शहरातल्या एका परिषदेत मांडलं, आणि ओआरएस काम करतं ते याच्याच जिवावर. २००२ पासूनच्या डब्ल्यूएचओ फॉर्म्युल्यात लिटरमागे ७५ मिलिमोल सोडियम आणि ७५ मिलिमोल ग्लुकोज असतं ते असंच घातलेलं नाही, दोघं जोडीने आत गेले की त्यांच्यामागे पाणी जातं. किडनीत दिवसाला साधारण १८० ग्रॅम ग्लुकोज गाळलं जातं, त्यातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास एसजीएलटी-२ परत घेतं. डायबेटिसच्या ग्लिफ्लोझिन गोळ्या त्यालाच अडवतात, म्हणून साखर लघवीतून जाते.

आणि इन्सुलिन. ते स्नायूत आणि चरबीच्या पेशीत कामाचं, बाकी बहुतेक ठिकाणी ग्लुकोजला आत शिरायला ते लागत नाही. स्नायूत आणि चरबीत ग्लुट-४ पेशीच्या आत बारीक पिशव्यांमध्ये पडून असतं, इन्सुलिन आलं की पिशव्या पटलाला येऊन मिळतात आणि वाहक पृष्ठभागावर येतो. १९८० साली दोन वेगवेगळ्या गटांनी हे दाखवलं. म्हणजे असलेलं दार उघडायचं हे कामच नाही, दार आणून बसवायचं आहे. शिवाय स्नायू आकुंचन पावले की इन्सुलिन नसतानाही ग्लुट-४ वर येतं, व्यायामाने शुगर उतरते त्यात याचा मोठा वाटा. चावीवाल्यांना विचारा, मग व्यायाम ही काय डुप्लिकेट चावी का. मेंदूचं तर विचारूच नका, रक्त-मेंदू सीमेवर ग्लुट-१, न्यूरॉनवर ग्लुट-३, दिवसभर चालू. मेंदूने प्रत्येक घासाला इन्सुलिनची वाट बघितली असती तर रात्रभर उपाशी झोपलेला माणूस सकाळी उठलाच नसता. आणि डायबेटिसमध्ये डोळा, नस, किडनी हेच का बिघडतात, तर त्यांच्या बऱ्याच पेशींना शुगर आत घेणं थांबवता येत नाही, बाहेर वाढली की आतही वाढते. चावीची गोष्ट खरी धरली तर या पेशी उलट उपाशी राहायला हव्या होत्या. हे मी त्या सरांना सांगणार होते, पण ते जेवायला गेले.

एमसीक्यूत नुसतं "पेशी" असेल तर फॅसिलिटेटेडवर टिक करा, आतडं किंवा नेफ्रॉन (किडनीतली गाळायची नळी) दिसलं तर सेकंडरी ॲक्टिव्ह. बाकी तुमच्या पेपर काढणाऱ्यावर.

दोन गोष्टी राहिल्या. लिव्हरमध्ये ग्लुकोज ग्लुट-२ मधून इन्सुलिनशिवाय जातं, पण आत गेल्यावर त्याला फॉस्फेट लावणारं ग्लुकोकायनेज इन्सुलिनमुळे वाढतं, म्हणजे तिथे इन्सुलिनचा काही संबंधच नाही असं लिहू नका. आणि वरचं वाचून घरात कुणी इन्सुलिनवर असेल तर डोसला हात लावू नका, ते नसलं की लिव्हर ग्लुकोज बनवून रक्तात ओतत राहतं, चरबी तुटून कीटोन होतात, आणि शुगर वाढण्यात लिव्हरच्या या ओतण्याचा वाटा खूप मोठा असतो. यावर वेगळा प्रश्न टाका, लिहीन.