सबसिडी, अनुदान आणि आपण विसरलेली कुमक

प्रश्न असा आला आहे: 'एखादी बडी खासगी कंपनी अडचणीत आली की सरकार तिला पैसे देतं. बातम्यांत त्याला कधी अनुदान म्हणतात, कधी सबसिडी, कधी बेलआउट, कधी नुसतीच मदत. हे सगळे शब्द एकाच अर्थाचे आहेत का? आणि दर वेळी "करदात्यांच्या पैशातून" असं म्हणणं बरोबर आहे का?'

उत्तर आधी देऊन टाकतो. एकाच अर्थाचे नाहीत, आणि दर वेळी बरोबर नाही.

यातल्या 'अनुदान' या शब्दाचा सध्या जो सरसकट वापर चालला आहे, तो थांबायला हवा. अनुदानात 'दान' आहे. एकदा दिलं की देणाऱ्याचा त्यावरचा हक्क संपतो. शाळेला, ग्रंथालयाला, संशोधन संस्थेला अनुदान मिळतं. त्याचा हिशेब मागतात, मुद्दल परत मागत नाहीत. २००८ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत एआयजी ही विमा कंपनी कोसळायला आली तेव्हा तिला ८५ अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर झालं. त्यावर जबर व्याज होतं आणि बदल्यात कंपनीची ७९.९ टक्के मालकी सरकारकडे गेली. याला अनुदान म्हणणं म्हणजे गहाणखत लिहून घेऊन दिलेल्या रकमेला बक्षिसी म्हणण्यासारखं आहे. शब्द चुकला की वादही चुकतो. कर्जाला दान समजून लोक संतापतात आणि खरोखरचं दान 'करसवलत' या सभ्य नावाखाली कुणाच्या लक्षातही न येता निघून जातं.

'खैरात' हा शब्द रागाच्या भरात वापरतात, त्यावर वेळ घालवत नाही. सबसिडीकडे वळतो, कारण या शब्दाच्या पोटात जे आहे ते कळल्यावर अख्खा प्रश्नच वेगळा दिसू लागतो.

मूळ लॅटिन शब्द सब्सिदियुम. अर्थ पैसा नव्हे, राखीव फौज. जुन्या रोमन सैन्याच्या रणांगणावर तीन फळ्या असत. पहिल्या दोन लढत, आणि तिसऱ्या फळीतले 'त्रिआरी' म्हणजे मुरलेले, अनुभवी सैनिक मागे गुडघा टेकून बसून राहत. प्राचीन रोमन पंडित व्हारो यानं सब्सिदियुमची व्युत्पत्ती या बसण्यावरूनच दिली आहे. पुढच्या दोन्ही फळ्या मोडल्या तरच हे लोक उठायचे. 'गोष्ट त्रिआरींपर्यंत आली' हा लॅटिनमधला वाक्प्रचारच होता. अर्थ, आता शेवटचा उपाय.

आता घटक बघा. लॅटिन 'सब' आणि संस्कृत 'उप' हे सख्खे भाऊ. लॅटिनमध्ये पुढे एक 'स' चिकटला एवढंच. लॅटिन 'सेद' म्हणजे बसणे, आणि आपला धातू 'सद्'. म्हणजे सबसिडी अक्षरशः उप + सद्. मधे एक 'नि' घाला, उपनिषद होतं! गुरूजवळ बसणं आणि फौजेच्या मागे बसून राहणं, दोन्ही एकाच मुशीतले शब्द. शिवाय हे कुटुंब मोठं आहे: परिषद, सभासद, प्रसाद, विषाद, आसन्न. ज्या संसदेत सबसिडीवर मतदान होतं ती संसदही सम् + सद्. तिकडे सेशन आणि प्रेसिडेंट हेही त्याच घरातले.

पाणिनीय धातुपाठात सद् धातूला 'अवसादन' असाही अर्थ दिला आहे, म्हणजे खचणे, खाली जाणे. इंग्रजीतही सबसिडी आणि 'सबसाइड' (ओसरणे, खाली बसणे) एकाच मुळाचे. आणि मराठीला हे कुणी शिकवायची गरज पडली नाही: आपण माणूस बसला म्हणतो, भिंत बसली म्हणतो आणि धंदा बसला असंही म्हणतो. धंदा बसतो म्हणून मागे बसलेल्याला उठावं लागतं, इतका अर्थ एका क्रियापदात मावतो. (कंपनी बंद करताना वापरतात ते 'अवसायन' मात्र या धातूचं नाही. ते अव + सो, संपवणे, 'अवसान'ही तिथलंच. दोघांची गल्लत करू नये.)

मग राखीव फौजेचा पैसा कसा झाला? इंग्लंडमध्ये मध्ययुगात पार्लमेंट राजाला युद्धासाठी जो कर मंजूर करी त्याला सबसिडी म्हणत. हो, कर! आज जी करातून दिली जाते असं आपण म्हणतो, ती एके काळी स्वतःच कर होती. पुढे अठराव्या शतकात मित्रराष्ट्राला फौज उभी करायला दिलेला पैसा म्हणजे सबसिडी. उद्योगांना दिलेला पैसा हा अर्थ त्यानंतरचा.

आणि इथेच मराठी वाचकानं कान टवकारायला हवेत. 'सबसिडियरी अलायन्स'ला आपण काय म्हणतो? तैनाती फौज. यशवंतराव होळकरांकडून पराभूत झालेल्या दुसऱ्या बाजीरावानं ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह केला. किमान ६,००० पायदळ त्याच्या दिमतीला राहणार होतं आणि त्याच्या खर्चासाठी वर्षाला २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख त्यानं तोडून दिला. कुणाला? एका खासगी कंपनीला. तिला भागधारक होते, लाभांश होता, लंडनमध्ये संचालक मंडळ होतं. एका राज्यानं बड्या खासगी कंपनीला कायमचं सोडून दिलेलं महसुली उत्पन्न, आणि त्या करारावर सबसिडी या शब्दाचा शिक्का! याच ईस्ट इंडिया कंपनीला १७७३ मध्ये दिवाळखोरीच्या काठावरून वाचवायला ब्रिटिश पार्लमेंटनं सुमारे १४ लाख पौंडांचं कर्ज दिलं होतं. त्याबरोबर कायद्यानं तिच्या कारभारावर देखरेख आणली आणि कर्ज फिटेपर्यंत लाभांशावर मर्यादा घातली. एकाच कंपनीला दोन सरकारांकडून पैसा मिळाला. एकानं अट घातली, दुसऱ्यानं अट मान्य केली. दोन्ही सरकारांचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

माझं जे मत मी नेहमी मांडतो ते याच आधारावर: संकटात सापडलेल्या कंपनीला सरकार जे देतं त्यासाठी मराठीत शब्द आहे, आणि तो 'कुमक'. तुर्कीतून फारसीमार्गे आलेला, शेकडो वर्षं मराठीत मुरलेला, आणि अर्थानं सब्सिदियुमची हुबेहूब प्रतिमा. 'कुमक फक्त सैन्याची असते' असं सांगणारे भाषातज्ज्ञ आहेत. त्यांनी 'मदत' शब्द उघडून पाहावा. अरबी 'मदद'मध्येही सैन्याला पाठवलेली जादा तुकडी हा अर्थ आहे. 'मदत' रणांगण सोडून संसारात येऊ शकते, तर 'कुमक' का नाही? सैनिकी शब्द नागरी व्यवहारात येऊच नयेत असा नियम असेल, तर 'मोहीम' आणि 'आघाडी'सुद्धा टाकून द्याव्या लागतील.

कुमकीला तीन गोष्टी चिकटलेल्या असतात, म्हणून मी या शब्दासाठी एवढा हट्ट धरतो. ती पराभव समोर दिसत असतानाच मागवतात. ती पाठवणाऱ्याच्या हुकमात राहते. आणि काम झालं की परत जाते. क्रायसलर या अमेरिकी मोटार कंपनीला १९७९ च्या अखेरच्या कायद्यानं १.५ अब्ज डॉलरपर्यंतच्या कर्जांना सरकारी हमी मिळाली. कामगार, बँका, पुरवठादार सगळ्यांना सवलती सोसाव्या लागल्या, १९८३ मध्ये कर्जं मुदतीआधी फिटली आणि कंपनीच्या वॉरंटांतून, म्हणजे ठरलेल्या भावानं तिचे शेअर घेण्याच्या हक्कांतून, सरकारला फायदा झाला. ही कुमक. २०२० मध्ये विमानं जमिनीवर असताना जर्मन सरकारनं लुफ्तान्सासाठी ९ अब्ज युरोंची व्यवस्था केली, २० टक्के हिस्सा घेतला आणि २०२२ मध्ये तो नफ्यात विकून बाहेर पडलं. हीही कुमक. जनरल मोटर्सच्या बचावात अमेरिकी सरकारचं १० अब्ज डॉलरहून अधिक नुकसान झालं. तरी तिला मी कुमकच म्हणेन, कारण सरकार तिथून बाहेर पडलं. सगळीच कुमक जिंकून परतत नाही.

याउलट फायद्यात चाललेल्या कंपनीला, ती कारखाना दुसरीकडे नेईल या धास्तीनं, वर्षानुवर्षं दिलेली करमाफी ही तैनाती फौज आहे. कुमक येते आणि जाते; तैनाती फौज येते आणि बसते. तिथे पैसा हातातून जाताना दिसत नाही, कारण तो हातात येतच नाही. मुलूख तोडून दिल्यावर त्याचा महसूल जमेला धरत नाहीत तसंच. जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ पासूनच्या सबसिडीविषयक करारात सोडून दिलेला सरकारी महसूलही सबसिडीच्या व्याख्येत घेतला आहे, कर्ज आणि हमीच्या शेजारीच. आपल्या बातम्यांत मात्र रोख रक्कम दिली तरच 'अनुदान' आणि कर सोडला तर 'प्रोत्साहन'. हे मला मुळीच मान्य नाही. सरकारनं बड्या कंपन्यांसाठी पैसा वापरावा का, या वादात माझी बाजू स्पष्ट आहे: कुमक द्यावी, तीही अटींसह, तैनात बांधून देऊ नये.

बेलआउटविषयी एक भ्रम दूर करतो. हा शब्द हवाई छत्रीनं विमानातून उडी मारण्यावरून आला असं काही जाणकार ठामपणे लिहितात. विमानं कालची. 'बेल' म्हणजे जामीन आणि 'बेल' म्हणजे नावेतलं पाणी उपसायची बादली, यांपैकी मूळ कोणतं यावर इंग्रजीवाले भांडतात, आणि ते भांडण वायफळ आहे. दोन्ही फ्रेंचमधून मागे जात लॅटिन 'बायुलुस'ला पोचतात. बायुलुस म्हणजे ओझं वाहणारा, हमाल. बादली पाण्याचं ओझं वाहते, जामीन दुसऱ्याच्या जबाबदारीचं. बुडती कंपनी वाचवताना ओझं नाहीसं होत नाही, ते दुसऱ्या खांद्यावर जातं, आणि हा अर्थ शब्दानं दोन हजार वर्षं सांभाळला आहे.

तो खांदा करदात्याचा का, हा प्रश्नाचा दुसरा भाग. एआयजीचं पहिलं कर्ज न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेनं दिलं होतं; ती मध्यवर्ती बँकेची रक्कम होती, गोळा झालेला कर नव्हे. १९७१ मध्ये लॉकहीड या अमेरिकी विमान उत्पादक कंपनीला २५ कोटी डॉलरची हमी मिळाली, सेनेटमध्ये ४९ विरुद्ध ४८ अशा एका मतानं. त्यात तिजोरीतून काही द्यावं लागलं नाही, उलट हमीचं शुल्क जमा झालं. पण दोन्ही ठिकाणी बुडालं असतं तर भरपाई करदात्याकडूनच झाली असती. म्हणून अशा वेळी 'करदात्यांच्या जोखमीवर' म्हणावं. 'करदात्यांच्या पैशातून' हे शब्द प्रत्यक्ष अनुदान, भागखरेदी आणि करमाफी यांच्यासाठी राखून ठेवावेत, आणि करमाफीसाठी तर आवर्जून वापरावेत, कारण तिथेच ते कुणी वापरत नाही.

सरकारी कागदोपत्री सबसिडीला 'अर्थसहाय्य' म्हणतात. शब्द सपक असला तरी चूक नाही, लेखन मात्र चूक आहे. 'सहाय' म्हणजे सोबत जाणारा, सह + अय. त्याचं भाववाचक नाम 'साहाय्य', पहिल्या 'सा'ला काना. म्हणून 'अर्थसाहाय्य'.