वाचकांचे प्रश्न: पुस्तकांच्या नावांची प्रश्नचिन्हं झाली

प्रश्न: आमच्या वाचनालयाची यादी पीएचपी (वेबपेज बनवणारी भाषा) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस) यांवर आहे. सर्व्हर बदलला आणि आता काही नावं नुसती ????? दिसतायत, काहींच्या जागी टोपीवाली परदेशी अक्षरं आलीत. परत मिळतील का?

उत्तर: काही मिळतील, पण आधी पूर्ण बॅकअप घ्या आणि जे काय करायचं ते त्या कॉपीवरच करा, घाईत मारलेल्या एका कमांडने वाचणारा डेटाही जातो. आणि हो, जुना सर्व्हर अजून चालू असेल तर कृपया बंद करू देऊ नका!

आता ब्राउझर सोडा, टेबलात खरंच काय बसलंय ते मायएसक्यूएलच्या हेक्स फंक्शनने बघा, ते साठलेले बाइट आकडे-अक्षरांच्या कोडमध्ये दाखवतं. 'म' नीट असेल तर ई०ए४एई दिसेल, म्हणजे डेटा शाबूत आहे, गडबड कनेक्शनची किंवा पेजच्या हेडरची, तर पीएचपीत कनेक्ट झाल्या झाल्या कॅरॅक्टर सेट (अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत) यूटीएफ८एमबी४ करा (मायएसक्यूएलचं नुसतं यूटीएफ८ 3 बाइटवर थांबतं, मराठी अक्षर मावतं पण इमोजीला 4 लागतात). सी३ए०सी२ए४ दिसलं तर मजकूर दोनदा एन्कोड झालाय, म्हणजे बाइटमध्ये बदललेलाच पुन्हा बदललाय, तो उलटा फिरवून बहुतेक वेळा परत येतो.

पण ३एफ३एफ असेल तर ती खरीखुरी प्रश्नचिन्हंच साठलीत, मूळ अक्षर तिथे उरलेलंच नाही, कुठलीही स्क्रिप्ट ते आणू शकत नाही, जुना बॅकअपच शोधावा लागेल.