तलावातलं शिसं समुद्रात पुरत नाही

डायव्हिंग तलावात शिकून झालंय, आता समुद्रात उतरायचंय ना? मग पाण्याखाली जायला कमरेला जे शिसं बांधतोस, त्याचा हिशोब आधी नव्याने कर. एक घनमीटर गोड्या पाण्याचं वजन सुमारे १००० किलो, समुद्राच्या पाण्याचं साधारण १०२५. फरक अडीच टक्केच, पण तू आणि तुझं सामान मिळून ८० किलो धरलं तर जवळजवळ २ किलो शिसं जास्त लागेल. नाहीतर वरच तरंगत बसशील. उलट, समुद्रासाठीचं शिसं बांधून तलावात उतरलास तर थेट तळ!

दाबाचं गणित सोपं आहे. पृष्ठभागावर हवेचा दाब अंदाजे १ बार, आणि समुद्रात दर १० मीटरला आणखी १ बार. म्हणजे १० मीटरवर दाब दुप्पट होतो आणि फुग्यातली हवा निम्मी. पण १० वरून २० मीटरवर गेलास तर दाब दीडपटच होतो. म्हणून खोलीपेक्षा पहिले १० मीटर जास्त जपून. कान तिथेच छळतात, दुखायच्या आधीच नाक चिमटीत दाबून नाकातूनच हळूच फुंक. दुखायला लागले तर जोर करू नकोस, थोडा वर ये. आणि वर येताना श्वास कधीही रोखू नकोस. छातीतली हवा फुगत जाते, फुप्फुस फाटू शकतं. यात मी कुणाचंच ऐकून घेत नाही.

हो, वेटसूटही (अंगावरचा जाड रबरी पोशाख) खोलीवर दबतो आणि तुला जड करतो. तेव्हा डायव्हिंगच्या फुगणाऱ्या जॅकेटमध्ये थोडी थोडी हवा भर, एकदम नाही.