ओटीपी विचारू नका, बिल बाबांना भरू द्या

टोरांटोहून एका सूनबाईंचं पत्र आलंय. सासू-सासरे गोव्यात म्हार्दोळच्या घरी दोघंच असतात, सासऱ्यांनी ऐंशी ओलांडलीय. विजेचं बिल, गॅस, औषधं हे सगळं ती आणि तिचा नवरा तिकडून भरतात, पण खातं सासऱ्यांचं. म्हणजे ओटीपी सासऱ्यांच्या फोनवर येणार आणि तो विचारायला वेळी-अवेळी फोन करावा लागणार. गेल्या महिन्यात सासरे कुणाला न सांगता फोंड्याला गेले आणि रांगेत उभं राहून बिल भरून आले. त्याच दिवशी हिनंही भरलं. ‘त्यांना नवीन काही शिकायचंच नाही, आम्ही काय करायचं?’ असं तिनं विचारलंय.

ताई, तुमची तळमळ मला कळते. हजारो मैलांवरून दुसरं घर चालवणं सोपं नाही. पण सासऱ्यांबद्दलचं ते एक वाक्य तेवढं मागे घ्या.

त्यांच्या लहानपणी गोव्यात रुपिया चालायचा, ‘टांगा’ नावाच्या सोळा नाण्यांचा. १९५९ साली पोर्तुगीज सरकारनं एस्कुदो आणला, एका रुपियाला सहा एस्कुदो. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि मग भारतीय रुपये-पैसे आले. मिसरूड फुटायच्या वयात या माणसानं तीन नाण्यांचे हिशेब तोंडपाठ केले. पुढे ट्रंक कॉल, एसटीडी बूथ, एटीएम सगळं आलं आणि तेही त्यांनी अंगवळणी पाडलंच ना? प्रत्येक वेळी नवीन वस्तू त्यांच्या हातात पडली, म्हणून ती त्यांची झाली. या खेपेला खातं त्यांचं, फोन त्यांचा, आणि बटण दाबणार टोरांटो. फोंड्याच्या त्या रांगेत ते स्वतःचं बिल स्वतः भरायला गेले होते, असं मला वाटतं.

यात एक धोकाही आहे. आपण आईवडिलांना दहा वेळा बजावतो, ओटीपी कुणाला सांगू नका. आणि अकराव्या वेळी आपणच फोन करून म्हणतो, ‘बाबा, आलेला नंबर वाचा पटकन.’ फोनवर कुणीतरी घाई केली की नंबर वाचून दाखवायचा, ही सवय आपणच लावली. उद्या ‘पोलीस’ म्हणून व्हिडिओ कॉल करणारा भामटा हीच सवय वापरणार. भारतात कुठलाही पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही, हे त्यांना शांतपणे, चहा पिताना सांगा. पैसे गेलेच तर लगेच लावायचा नंबर १९३०, तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवायला सांगा. आणि तुम्ही मात्र आजपासून ओटीपी विचारणं बंद करा.

तुम्हाला खर्च उचलायचा असेल तर तुमच्या खात्यातून उचला. एनआरई किंवा एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं इथलं बँक खातं, परदेशी मोबाइल नंबरावर यूपीआयला जोडायची मुभा जानेवारी २०२३ मध्ये दहा देशांसाठी मिळाली. कॅनडा त्यात आहे, ओमान आणि अमिरातीही आहेत. तुमची बँक ही सोय देते का, तेवढं विचारून घ्या. सासूबाईंनाही बाजारात स्वतः पैसे देता यावेत असं वाटत असेल तर यूपीआय सर्कल बघा. सासऱ्यांच्या खात्यावर त्यांना महिन्याला पंधरा हजारांपर्यंत परवानगी देता येते, एका वेळी पाच हजारांपर्यंत. हा मामला घरातल्या घरात राहतो, तुम्हाला मध्यरात्री उठावं लागत नाही.

माझ्या आईचं सांगते. दर नोव्हेंबरला पेन्शनसाठी हयातीचा दाखला लागतो. एका वर्षी अंगठा मशीनवर उमटेना. जन्मभर नारळ खवून, भांडी घासून बोटांच्या रेषाच पुसट झालेल्या. काउंटरवरच्या माणसानं मान वर न करता सांगितलं, ‘मुलांना पाठवा.’ घरी येईपर्यंत आई एक शब्द बोलली नाही. मग रात्री म्हणाली, ‘हयात मी आहे, आणि बोलावतात मुलांना?’

पुढच्या वर्षी चेहरा दाखवून दाखला काढायची सोय आम्ही फोनवर घेतली. फोन मी धरायला गेले तर तिनं तो माझ्या हातातून काढून घेतला. साडीच्या पदरानं काच पुसली, खिडकीकडे तोंड करून उभी राहिली आणि पापणी मिटा अशी सूचना आली तेव्हा दोन्ही डोळे घट्ट मिटून घेतले. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा झालं. मी शेजारी हात मागे बांधून उभी होते. ते हात मागे ठेवणं फार कठीण गेलं मला, खरंच सांगते.

तुमच्या चौदा वर्षांच्या मुलाचं तुम्ही लिहिलंय, तो आजोबांना भराभर सांगतो आणि ते वहीत लिहीत बसतात म्हणून वैतागतो. ती वही राहू द्या. उलट त्याला म्हणा, तूच एक एक पायरी सांग, ते लिहून होईपर्यंत थांब. त्याला देवनागरी वाचता येत नाही आणि आजीला बारीक अक्षरं टाइप करता येत नाहीत, पण माइक दाबून बोलणं दोघांनाही जमतं. टाइप करत बसणारे आपणच, मधल्या पिढीतले. चवथीला गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात त्या माटोळीला काय काय बांधलं ते आजीनं बोलून पाठवावं आणि नातवानं उलट विचारावं. त्यातून फोनही येईल, मराठीही येईल.

चवथीला घरी याल तेव्हा सासऱ्यांच्या शेजारी बसा. बिल त्यांच्या फोनवर त्यांनाच भरू द्या, चष्मा लावून, वही उघडून. अर्धा तास लागेल. तोवर तुमचा फोन आतल्या खोलीत ठेवा. आणि या महिन्याचं बिल भरू नका, त्यांना फोन करून विचारा, ‘बाबा, बिल आलं का? किती आलं?’